प्रतिसादक क्रमांक अकरा

ताईचं पुस्तक घरात येऊन आठ दिवस झाले होते आणि ते कुणी वाचताना दिसलं नव्हतं. आई ते रोज पुसत होती, एवढंच. टीव्हीशेजारी उभं करून ठेवलेलं पुस्तक उचलायचं, कव्हरवरून फडकं फिरवायचं, मागचा लेकीचा फोटो बघायचा आणि पुन्हा जागेवर ठेवायचं. ‘लांबलेलं तारुण्य’ हे नाव तिला काही फारसं आवडलं नव्हतं. नाना चष्म्याचा नंबर बदललाय या सबबीवर चालढकल करत होते. आणि बारक्या तर त्या कपाटाच्या बाजूला फिरकतच नव्हता.

त्या रविवारी ताई जेवायला येणार होती. पुस्तकामुळे तिला कॉलेजात विभागप्रमुख केलं होतं. नानांनी सकाळीच दाढी केली, बारक्याला केक आणायला पिटाळलं, आणि आपल्या बहिणीलाही बोलावून घेतलं.

आत्या सांगितल्या वेळेच्या तासभर आधीच आली. एकतीस वर्षं तिने छापखान्यात मुद्रितं तपासली होती. छापलेला शब्द दिसला की तो वाचल्याशिवाय तिला राहवत नसे. तिने चपला काढल्या, तडक स्वयंपाकघरात आली आणि पिशवीतून स्वतःची प्रत काढून ओट्यावर ठेवली. पानांत कागदाचे कपटे खोचलेले होते.

“वहिनी, वाचलंत हे?”

“मला कुठलं समजतंय त्यातलं! तिचं आपलं मोठमोठ्या शब्दांचं लिहिणं.”

“एकशे चाळिसावं पान समजेल. तेवढं वाचा.”

आईने हात पुसले आणि उभ्या उभ्याच वाचायला घेतलं. चौथ्या ओळीशी तिने पुस्तक मिटलं. गॅसवरचं उतू जात होतं तिकडेही तिचं लक्ष गेलं नाही. आत्यानेच पुढे होऊन गॅस बंद केला.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं,” आत्या म्हणाली.

“तुमच्या पाया पडते. आज नको. आज तिचा दिवस आहे.”

“दादाने तीन वर्षं आधी नोकरी सोडली. पंचावन्नाव्या वर्षी. त्यानंतर सात वर्षं दुकानांच्या दारात खुर्ची टाकून पहारा केला, वहिनी. लेथवर ज्याच्या हाताचं माप कधी चुकलं नाही, तो माणूस लोकांच्या गाड्या मागे घ्यायला मदत करत होता. कशासाठी?”

“मुलासाठी.”

“तेच म्हणते मी.”

कारखान्याने तेव्हा योजना काढली होती: जो कामगार मुदतीआधी निवृत्ती घेईल त्याच्या मुलाला कायम नोकरी. नानांनी घरात कुणाला न विचारता सही केली. बारक्या तेव्हा बावीस वर्षांचा. वैद्यकीय तपासणीला गेला आणि संध्याकाळी येऊन म्हणाला, “डोळ्यांत दोष निघाला. मला रंग नीट कळत नाहीत म्हणे.” तिसऱ्या दिवशी त्याची पँट धुवायला घेताना आईला खिशात तपासणीचं पत्र सापडलं. त्यावर शिक्का नव्हता, सही नव्हती, काही नव्हतं. ते तिने फाडलं आणि केराच्या डब्यात तळाशी घातलं. त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

*

जेवताना नाना खुशीत होते. खुशीत असले की ते लेकीला ‘प्रोफेसर’ म्हणत.

“मग प्रोफेसर, आता तुमच्या हाताखाली किती माणसं?”

“हाताखाली कसली नाना, सहा जण आहेत. त्यातले चार माझ्याहून मोठे.”

“म्हणजे तोंडावर मॅडम आणि पाठीमागे...”

सगळे हसले. बारक्याही हसला. त्याला चार वाजता पार्सलच्या गोदामात पाळीवर जायचं होतं म्हणून तो कंपनीचा करडा शर्ट घालूनच बसला होता. तिथे त्याला दर तीन महिन्यांनी नेमणुकीचा नवा कागद मिळे. कागद मिळाला की पुढचे तीन महिने निर्धास्त.

“बारक्या, तुझ्या डाव्या हाताची घे ती बाटली,” नाना म्हणाले. “लाल झाकणाची नको, ती तिखट आहे. हिरव्या झाकणाची. डावीकडची.”

बारक्याने हात उजवीकडे नेला, घुटमळला आणि मग डावीकडची बाटली उचलली. आईने मान खाली घातली. आत्या त्याच्याकडे टक लावून बघत होती.

केक कापून झाल्यावर नाना म्हणाले, “आता वाचून दाखव काहीतरी. माझा चष्मा यायला वेळ आहे.”

“नाना, ते कंटाळवाणं आहे हो. परीक्षकांसाठी लिहिलेलं असतं.”

“मी काय परीक्षक नाही? तुझ्या पहिलीच्या पाटीपासून मीच बघतोय.”

ताईने पुस्तक उघडलं. सुरुवातीचं एक निरुपद्रवी पान तिने शोधलं आणि वाचू लागली. “‘शिक्षण, नोकरी, विवाह, स्वतंत्र घर आणि अपत्य हे प्रौढत्वाचे टप्पे मागील पिढीत ठरावीक क्रमाने व अल्प कालावधीत पार पडत. प्रस्तुत पिढीत हा क्रम विस्कळीत झाला आहे.’”

“मराठीत सांग.”

“मराठीच आहे हे!”

“घरातल्या मराठीत.”

ताई हसली. “म्हणजे तुम्ही सोळाव्या वर्षी कामाला लागलात, तेविसाव्या वर्षी लग्न, चोविसाव्या वर्षी मी. सगळं एका दमात. आता तसं होत नाही.”

“बरोबर आहे. पुढे?”

“‘आर्थिक आधार नाहीसा झाल्यानंतरही मागील पिढीचा प्रौढत्वाचा नमुना नैतिक मापदंड म्हणून कार्यरत राहतो.’ म्हणजे... तुमच्यासारखं जगणं आता जमण्यासारखं राहिलेलं नाही, पण पोरांना मोजतात मात्र तुमच्याच मापाने.”

नानांनी हातातली बशी खाली ठेवली. मग बारक्याकडे बघून म्हणाले, “हे खरं लिहिलंय हिने. मीही मोजतो. कारखाना तर पुढे चार वर्षांत बंदच पडला. हा लागला असता तरी घरीच आला असता. आणि याच्या डोळ्यांना काय करणार? नशिबाची गोष्ट.”

एवढं ऐकलं आणि आत्याला धीर धरवला नाही.

“एकशे चाळीस पान वाच,” ती ताईला म्हणाली.

“आत्या...”

“वन्सं, मी काय सांगितलं तुम्हाला?” आई उठलीच.

“तू वाचत नसशील तर मी वाचते.” आणि आत्याने आपली प्रत उघडली. छापखान्यात दुसऱ्याला ताडून बघता यावं म्हणून वाचत, तसं सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करत तिने वाचलं.

“‘प्रतिसादक क्रमांक अकरा याच्या बाबतीत प्रौढत्वाकडील संक्रमण केवळ लांबले नसून ते जाणीवपूर्वक नाकारले गेले आहे. वयाच्या बाविसाव्या वर्षी, वडिलांनी मुदतपूर्व निवृत्ती पत्करल्याच्या बदल्यात, त्याला कायम स्वरूपाची नोकरी देऊ करण्यात आली होती. वैद्यकीय तपासणीस तो हजरच राहिला नाही. रंगांधळेपणामुळे अपात्र ठरल्याचे त्याने घरी सांगितले. गटाच्या बोलीत कायम नोकरीस शिक्का बसणे असे म्हणत, व शिक्का बसलेला सदस्य टिंगलीचा विषय होई. गटातील आपले स्थान राखण्यासाठी त्याने वडिलांकडून चालत आलेले प्रौढत्व नाकारले, असे म्हणता येईल.’”

नानांना पहिल्यांदा वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. ते आत्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग ताईकडे बघितलं. ती पुस्तक मिटून त्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती. लहानपणी प्रगतिपुस्तक लपवताना बसायची तशी.

“अकरा नंबर म्हणजे कोण?” त्यांनी विचारलं.

“नाना, संशोधनात नावं सांगत नाहीत. तसा नियम असतो.”

“मी,” बारक्या म्हणाला.

बारक्याने पुढ्यातली बशी बाजूला सारली. “आठ दिवस झाले वाचून. तुम्ही कधी वाचताय त्याचीच वाट बघत होतो.”

“तुला रंग दिसतात?”

“दिसतात.”

“सगळे?”

“सगळे, नाना.”

नाना सावकाश बोलू लागले, लेथवरच्या नव्या पोराला काम समजावून सांगताना बोलत तसे. “मी तुझ्या मागे मोटरसायकलवर बसायचो. सिग्नलला तुला खांद्यावर हात ठेवून सांगायचो, हिरवा झाला.”

“हो.”

“आणि तू थांबून राहायचास. मी सांगेपर्यंत.”

“थांबायचो.”

“मागचे लोक हॉर्न वाजवायचे तरी?”

“तरी थांबायचो.”

“तुझ्या शर्टांच्या कॉलरला आतून मी चिठ्ठ्या शिवून घ्यायचो. निळा, करडा, तपकिरी. लोक हसू नयेत तुला म्हणून.” त्यांनी स्वतःच्या कॉलरला बोट लावलं. “तुझ्या आईला शिवायला लावायचो मी.”

मग ते बायकोकडे वळले. ती भिंतीला टेकून उभी होती.

“तुला ठाऊक होतं?”

“अहो, पोर होतं ते...”

“ठाऊक होतं का, एवढंच विचारतोय.”

“होतं.”

“आणि तरी शिवल्यास.”

“शिवल्या. काय करणार होते मी? तुम्ही सही करून मोकळे झाला होतात. ना मला विचारलंत, ना त्याला. घरात आलात ते पेढीवरून माल उचलून आणल्यासारखे, ‘याचं काम झालं’ म्हणत. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर तुम्ही त्याला घराबाहेर काढलं असतं.”

“काढलं असतं,” नाना म्हणाले. “आणि तो मोठा झाला असता.”

आत्या म्हणाली, “त्या बंद पेट्रोल पंपावर याच्याबरोबर बसणाऱ्या चार टवाळांनी हसू नये म्हणून बापाची तीन वर्षं...” जे वाचायचं होतं ते वाचून झालं होतं, आणि दादाचं तोंड बघून आता तिला आपण वाचलं ते बरं केलं की वाईट, तेच कळेना.

“पंपावरचं कुणी हसलं नव्हतं,” बारक्या म्हणाला.

ताईने मान वर केली. “तूच सांगितलंस मला. टेपवर आहे.”

“तू काय विचारलंस ते आठवतंय का टेपवर? तू विचारलंस, शिक्का बसला की मित्र काय म्हणायचे? मी म्हटलं, टिंगल करायचे. तू विचारलंस, तुला भीती वाटायची का टिंगलीची? मी म्हटलं, सगळ्यांनाच वाटते. तू खूश झालीस, लिहून घेतलंस. तू का गेला नाहीस, हे तू विचारलंच नाहीस, ताई. तुला पंप हवा होता. आमचे केस, आमची जाकिटं, आमचे शब्द. त्यात मी कुठे बसतो तेवढं बघायचं होतं तुला.”

“मग का नाही गेलास?” हे नानांनी विचारलं.

बारक्या बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

“गेलो होतो. फाटकापर्यंत. पाऊण तास आधी पोचलो. तुम्ही आतल्या पटांगणात उभे होतात, एका माणसाशी बोलत. माणूस कसला, पोरगाच. माझ्याएवढा असेल, फार तर दोन वर्षांनी मोठा. तो तुम्हाला नावाने हाक मारत होता. एकेरी. आणि तुम्ही त्याला साहेब म्हणत होतात. माझ्या मुलाकडे जरा बघा साहेब, म्हणत होतात. तो फोनवर बोलायला लागला तरी तुम्ही तसेच उभे. मला वाटलं, आत गेलो तर रोज हे बघावं लागेल. आणि पुढे कधीतरी मीही असाच उभा असेन. मी फिरलो आणि पंपावर जाऊन बसलो.”

आईने डोळ्यांना हात लावला. ताईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं; इतक्या वर्षांची सवय, तिने ते वाक्य मनात टिपून घेतलं, आणि घेतल्याबरोबर तिला स्वतःची शिसारी आली.

नाना मात्र जागचे हलले नाहीत.

“त्या पोराचं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त होतं,” ते म्हणाले. “मशीन त्याला कळायचं. मला त्याला साहेब म्हणायची लाज नव्हती वाटत. एकदाही नाही वाटली. मला वाटायचं, मी इथे वाकलो म्हणजे तुला ताठ उभं राहता येईल.” ते उठले. “लाज तुला वाटली. माझी.”

“नाना, तसं नाही...”

“तसंच आहे. पंपावरच्या पोरांच्या नादाने गेला नाहीस, हे परवडलं असतं मला. तेवढी अक्कल कुणालाच नसते बाविसाव्या वर्षी. हिने लिहिलंय तेच खरं असतं तर बरं झालं असतं.”

ते गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं. आई त्यांच्या मागे गेली नाही.

*

बारक्याच्या खोलीत भिंतीवर अजून पंपावरच्या टोळीचा फोटो होता. नऊ जण, पाठमोरे, जाकिटांवर एकच रंगवलेला पंखा. त्यातल्या चौघांना आता मुलं होती, एक परदेशी गेला होता, एक अपघातात गेला. बाकीचे अजूनही रविवारी त्या बंद पेट्रोल पंपावर जमत, पण आता मोटरसायकली खोलायला नाही, नुसतंच बसायला. बारक्याने फोटोकडे बघितलं नाही. कपाटातले कपडे तो पिशवीत कोंबत होता.

ताई दारात उभी राहिली. “काय करतोयस?”

“पाळीवर निघालोय.”

“एवढे कपडे घेऊन?”

“गोदामातले तिघं मिळून राहतात. एक खाट रिकामी आहे. तीन आठवडे झाले विचारतायत.”

“बारक्या, माझं चुकलं. मी तुझी ओळख पटणाऱ्या खुणा पुसायला हव्या होत्या. कारखाना बदलायला हवा होता, डोळ्यांचं दुसरं काहीतरी...”

“बाकीच्या एकेचाळीस जणांच्या सह्या घेतल्यास तू. मीच एकेकाला पंपावर बसवून तुझा फॉर्म वाचून दाखवत होतो. घाबरू नका रे, माझी बहीण आहे, म्हणत होतो. मला फॉर्म नाही दिलास.”

“तू घरचा होतास. मला वाटलं...”

“काय वाटलं?”

तिला काहीच वाटलं नव्हतं, हेच खरं होतं.

“तुला खरं सांगू?” ती शेवटी म्हणाली. “तुझ्या प्रकरणामुळेच पुस्तक स्वीकारलं गेलं. परीक्षकांनी तसं लिहून पाठवलं होतं. बाकीचे एकेचाळीस सगळीकडे सापडतात म्हणाले.”

“म्हणजे मी कामाला आलो कुणाच्या तरी.” त्याने पिशवीची चेन ओढली. “बघ, तेहेतिसाव्या वर्षी का होईना.”

“असं बोलू नकोस रे.”

“मग कसं बोलू? तू सांग. तुझ्याकडे शब्द आहेत.” तो दाराशी आला. “ताई, ते पान वाचून मला राग कशाचा आला माहीत आहे? तू खोटं लिहिलंस याचा नाही. माझी टेप केल्यापासून तू इतकी वर्षं या घरात येत होतीस, जेवत होतीस, मी चुकीची बाटली उचलताना बघत होतीस. तुला सगळं ठाऊक होतं. आणि एकदाही तू मला म्हणाली नाहीस, बस कर आता, सांगून टाक नानांना. सांगितलं असतंस तर तुझा अकरा नंबर गेला असता.”

ताई दारातून बाजूला झाली.

बाहेरच्या खोलीत आईने डबा भरून ठेवला होता. त्याने तो घेतला. घेतला म्हणून तिला क्षणभर बरं वाटलं. मग पिशवी दिसली.

“संध्याकाळी येशील ना?”

“फोन करतो, आई.”

“मी चुकले का रे?”

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. खिशातलं पत्र हिनेच नाहीसं केलं असणार; केलं नसतं तर तो प्रकार तिसऱ्या दिवशीच संपला असता, हे त्याच्या मनात आलं आणि ते त्याने तिथेच गिळलं.

गॅलरीचं दार बंदच होतं. काचेतून नानांची पाठ दिसत होती. बारक्या दारापाशी थोडा थांबला. “येतो, नाना,” म्हणाला. पाठ हलली नाही. ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

*

पुढचे तीन महिने आईने ताईचा फोन क्वचितच उचलला. उचललाच तर, “बरं आहे सगळं,” एवढं म्हणून खाली ठेवी. नाना जेवत, फिरायला जात, वर्तमानपत्र वाचत. चष्मा आला होता. बायकोशी लागेल तेवढंच बोलत. आत्याने दोनदा येऊन समजूत घालायचा प्रयत्न केला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “तू वाचून दाखवलंस, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आता या घरात वाचायचं काही उरलेलं नाही.” त्यानंतर तीही येईनाशी झाली. पुस्तक कपाटावरून कधी गेलं ते कुणी विचारलं नाही.

ताईची व्याख्यानं चालू होती. एका सभागृहात कुणीतरी उठून विचारलं, “अकरा नंबरचा मुलगा आता काय करतो?” सगळे तिच्याकडे उत्सुकतेने बघू लागले. ती म्हणाली, “तो आता स्वतंत्र राहतो.” काही लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात रजा टाकून ती गोदामावर गेली. सकाळची पाळी दुपारी दोनला सुटत होती. मोठ्या पत्र्याच्या दरवाजातून माणसं बाहेर येत होती, सगळ्यांच्या अंगात तोच करडा शर्ट. त्यात तिला तो पटकन ओळखू आला नाही. वजन उतरलं होतं, केस बारीक कापले होते. तीन-चार जणांबरोबर तो बोलत येत होता आणि मोकळेपणाने हसत होता. घरात तो असा हसल्याचं तिला आठवेना.

ती पुढे झाली. त्याने तिला बघितलं आणि हसणं मिटवलं.

“कशी आहेस?” त्याने विचारलं.

“बरी आहे. तू?”

“मजेत.”

“आई म्हणाली, आठवड्याला फोन करतोस.”

“करतो.”

“नानांशी बोललास?”

“ते घेत नाहीत.”

तिला पुढे बरंच बोलायचं होतं. येताना बसमध्ये तिने वाक्यंही जुळवली होती. पण आता ती सगळी तिला छापल्यासारखी वाटली. शेजारी उभ्या असलेल्या पोराने बारक्याला कोपराने ढोसलं. तो जेमतेम विशीतला होता, नवा लागलेला असावा.

“कोण रे या?”

बारक्याने ताईकडे बघितलं. त्याच्या नजरेत रागही नव्हता.

“ओळखीच्या आहेत,” तो म्हणाला. “पुस्तकं लिहितात.”

आणि बस सुटेल म्हणून ते सगळे पळत पुढे निघून गेले.